आधी ओटा बघा, मग बांधणी ठरवा

*काका, नमस्कार.*

*माझ्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन येत्या जानेवारीत आहे. आहेर घ्यायचा नाही, उलट येणाऱ्या प्रत्येक घराला त्यांच्या हातच्या पदार्थांची एक पुस्तिका द्यायची, असं आम्ही ठरवलंय. घावन, आंबोळ्या, कुळथाचं पिठलं, सांदणं, पातोळ्या, घाऱ्या, असे तीसेक पदार्थ मी गेलं वर्षभर त्यांच्याशेजारी उभं राहून फोनवर टाइप केलेत. आठ जुने फोटोही आहेत. सगळं मिळून ए-फाइव्ह आकाराची ७२ पानं होतात, आणि प्रती हव्यात १२०.*

*आता घोळ असा की तीन छापखान्यांनी तीन तऱ्हा सांगितल्या. एक म्हणतो मधे पिना मारू, स्वस्तात होईल. दुसरा म्हणतो परफेक्ट बाइंडिंग करा, पुस्तकासारखं दिसेल. तिसरा वायरो, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांची बांधणी, सुचवतोय. घरात निराळंच. यांना कडक पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं हवीत. टोरंटोच्या वन्सं म्हणतात, सगळं रंगीत आणि आर्ट पेपरवरच पाहिजे. खुद्द सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की 'वहीसारखी करा, ओट्यावर उघडी राहिली म्हणजे झालं.' ७० जीएसएम, १३० जीएसएम, मॅट, ग्लॉस ऐकून माझं डोकं भणभणलंय. तुम्हीच काय ते सांगा.*

*– एक सूनबाई, चिपळूण*

सूनबाई, तुमच्या घरात बाइंडिंग कळणारं माणूस एकच आहे, आणि ते जानेवारीत एक्क्याऐंशी वर्षांचं होतंय. छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसानं जे विचारायला हवं ते त्यांनी न विचारता सांगून टाकलं: पुस्तक कुठे उघडणार? कपाटात उभं राहणारं पुस्तक वेगळं, आरतीला एका हातात धरायचं वेगळं, आणि ओट्यावर पीठ लागलेल्या हातांनी कोपरानं उलटायचं वेगळं. छापखानेवाले तिघेही खोटं बोलत नाहीयेत. जो तो आपल्याकडे जे मशीन आहे ते सांगतोय, इतकंच.

आधी ज्या पर्यायाचं नाव सगळ्यात चांगलं, तो काढून टाकतो. परफेक्ट बाइंडिंग. यात घड्यांची पाठ मशीनवर खरवडतात, तिला गरम गोंद लावतात आणि वरून कव्हर चिकटवतात. दीडशे-दोनशे पानांच्या कादंबरीला हे ठीक. तुमची ७२ पानं म्हणजे, दोन्ही बाजू धरून, ३६ सुटे कागद. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे पाठ भरली साडेतीन मिलिमीटर. तेवढ्या पाठीवर नाव छापायला जावं तर अक्षर अर्धं पुढच्या कव्हरवर घसरतं, आणि गोंदाला धरायला जागाच उरत नाही. शिवाय असं पुस्तक उघडं ठेवायचं तर त्याला मधोमध दाबावं लागतं. 'पातोळ्या'च्या पानावर कुणीतरी तळहातानं एकदा जोर दिला की कडक झालेला गोंद तडकतो आणि पुढच्या श्रावणात पातोळ्यांचं पान हातात येतं. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर आणखी लवकर, कारण त्याच्या लेपावर हा नेहमीचा गोंद नीट धरत नाही. पीयूआर नावाचा जास्त चिवट गोंद मिळतो, पण १२० प्रतींसाठी तो लावून देणारा शोधत बसू नका.

वायरो मात्र मी हसून उडवणार नाही. स्वयंपाकघरापुरतं बोलायचं तर वायरोइतकं सपाट काहीच उघडत नाही. पान पूर्ण मागेसुद्धा दुमडता येतं. माझ्या बायकोची लोणच्या-मसाल्यांची वही वायरोचीच आहे. पण तुमच्या प्रती आहेर म्हणून जाणार. काही पिशवीत कोंबल्या जाणार, काही वन्संच्या बॅगेत टोरंटोला. तारेचं एक वेटोळं चेपलं की त्या जागी पान अडकतं, मग ओढलं की भोकापाशी फाटतं. शंभर प्रती एकावर एक रचल्या की गठ्ठा एका बाजूला फुगतो आणि कोसळतो. आणि खरं सांगू? हातात घेतल्यावर ती दिनदर्शिका वाटते. हे माझं मत झालं. सासूबाईंना आवडली तर बिनधास्त करा.

राहिली मधली पिन. हा पर्याय तुमच्या मागणीच्या सगळ्यात जवळचा आहे, फक्त दोन अडचणी आहेत, आणि त्यातली एक खास तुमच्या गावची.

तुम्ही चिपळूणला राहता. तिथल्या पावसाळ्यात खिडकीचे गज, शिलाई मशीनची सुई, कशालाच सोडत नाही हवा. मी फार वर्षांपूर्वी दापोलीकडच्या एका गावासाठी आरतीसंग्रह करून दिला होता. मधे दोन पिना, छान दिसत होता. दोन पावसाळ्यांनंतर त्या गावातले एक गृहस्थ भेटले, त्यांनी खिशातून तो काढून दाखवला. पिनांभोवती चहाच्या रंगाचे दोन डाग पसरलेले, आणि मधला कागद तिथेच कुजून सुटलेला. 'घालीन लोटांगण' निघून वेगळं झालं होतं. चूक छापखान्याची नव्हती, माझी होती. पुण्याच्या हवेचा हिशोब मी कोकणात लावला. गंज न धरणारी तार मिळते, विचारून बघा. पण छोट्या छापखान्यात मशीनला जे रीळ लावलेलं असतं तेच चालतं.

म्हणून माझा सल्ला: पिनेच्या जागी दोरा. सगळे कागद एकात एक घालून मधल्या घडीवर शिलाई, अगदी जुन्या शाळेच्या वहीसारखी. सासूबाई 'वहीसारखी' म्हणाल्या त्या बहुधा हीच वही डोळ्यांपुढे ठेवून. दुकानातली लाल कापडी चोपडी आठवा, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जिच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढतात ती. ती मांडीवर ठेवली की पसरून राहते, कारण ती शिवलेली असते. तुमच्याकडच्या वह्या बनवणाऱ्यांकडे किंवा एखाद्या जुन्या बाइंडरकडे चौकशी करा. 'मधली शिलाई' म्हटलं की कळेल. पानं जास्त असती तर सोळा-सोळा पानांच्या घड्या वेगवेगळ्या शिवून एकत्र बांधायला सांगितलं असतं, ज्याला बाइंडर जुज बाइंडिंग म्हणतात. ७२ पानांना एकच घडी पुरते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दमट हवेत कुजतो. तो कव्हरच्या पाठीवर बाहेरून दिसणार आहे, तेव्हा पांढरा नको. हळदीच्या हातांनी महिन्याभरात कळकट होईल. लाल घ्या.

आता दुसरी अडचण, जी पिन मारा की शिवा, टळत नाही. मधोमध घडी घातलेल्या एका कागदाची चार पानं होतात, म्हणजे तुमच्या ७२ पानांना असे अठरा कागद. ते एकात एक घातले की आतले कागद बाहेर सरकतात. घरातलेच अठरा कोरे कागद मधोमध घडी घालून एकात एक बसवून पाहा: उजवीकडची कड सरळ राहत नाही, नौकेच्या टोकासारखी पुढे येते. सगळ्यात आतला कागद बाहेरच्यापेक्षा दीड-पावणेदोन मिलिमीटर पुढे असतो. मग कटिंग मशीन ती कड सरळ कापतं, आणि मधल्या पानांचा तेवढा भाग जातो. पहिल्याच वर्षी मी एका भजनी मंडळाची ९६ पानी पुस्तिका केली होती. पृष्ठक्रमांक हौसेनं अगदी कडेला टाकले होते. मधल्या पानांवर ४८ चा फक्त ८ उरला. मंडळाचे अध्यक्ष भले होते, म्हणाले, 'पानं मोजायला कुणाला वेळ आहे, आम्हाला पाठच आहेत.' पण मी ते विसरलो नाही. तुम्ही बाहेरच्या कडेला किमान १२ मिलिमीटर आणि घडीच्या बाजूला १५ मिलिमीटर मोकळं सोडा. पृष्ठक्रमांक खाली मधोमध टाका. हे डीटीपी करणाऱ्याला, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याला, पहिल्याच दिवशी सांगायचं, प्रूफ आल्यावर नाही.

या एकात एक घालण्यातच तुमच्या फोटोंचं उत्तरही आहे. ७२ पानांच्या पुस्तिकेत एका बाजूला शेजारी छापल्या जाणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज कायम ७३ येते. १ च्या शेजारी ७२, २ च्या शेजारी ७१, अशी जोडी लागत लागत शेवटी ३६ शेजारी ३७. म्हणजे तुम्ही फोटो ५, १९, २८ असे विखुरलेत, तर प्रत्येक फोटोमागे एक अख्खा कागद रंगीत छपाईत जातो. तेच आठही फोटो ३३ ते ४० या पानांवर एकत्र आणलेत तर फक्त मधले दोन कागद रंगीत, बाकी सोळा कागद एकरंगी. पैसे तिथे वाचतात. वाचणाऱ्यालाही बरं, बरोबर मध्यावर पुस्तक आपोआप उघडतं आणि सासूबाई लग्नातल्या शालूत समोर येतात. त्या दोन कागदांना थोडा जाड, शंभर-एकशेवीस जीएसएमचा, बिनचकाकीचा कागद लावा.

बिनचकाकीचाच का, हे वन्संना समजावून सांगायला तुम्हाला दूर जायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा लग्नाचे अल्बम आणि चकचकीत मासिकं काढून वाळत घातलेली तुम्ही पाहिली असतील. साधा कागद भिजला तर फुगतो, वेडावाकडा होतो, पण पान पानापासून सुटतं. आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो भिजला की गोंदासारखा होतो आणि वाळताना दोन पानं एकमेकांना धरतात ती कायमची. वीट होते. तुमच्या गावच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानं २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसलेत, तिथल्या मंडळींना विचारा. ओट्यावर पूर येत नाही, पण आमटीचा डाव निथळतो, ओला हात लागतो. शिवाय ट्यूबलाइटखाली आर्ट पेपर चमकतो, आणि उभ्यानं वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते.

तेव्हा आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो (लेप नसलेला साधा छपाईचा कागद), नॅचरल शेडचा, म्हणजे किंचित पिवळसर. ७० घेतलात तर मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, १०० घेतलात तर पुस्तक ताठर होऊन मिटायला बघतं. आणखी एक गोष्ट, जी छापखान्यात न विचारता कुणी सांगत नाही: कागदाला 'ग्रेन' असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेनं पहुडलेले असतात. ते पुस्तकाच्या पाठीला समांतर असले तर पान मऊपणे पडून राहतं. आडवे असले तर प्रत्येक पान स्प्रिंगसारखं उठतं आणि घडीवर भेगा पडतात. ओळखायचं कसं? वर्तमानपत्र उभं फाडून बघा, मग आडवं. एका दिशेनं सरळ टरकन फाटतं, दुसरीकडे वाकडंतिकडं. सरळ फाटतं ती ग्रेनची दिशा. छापखान्याच्या कागदाचा तुकडा मागून हाच प्रयोग करा. तुमची करमणूक आणि त्यांना धाक, दोन्ही होईल.

छपाई ऑफसेट की डिजिटल, यात डोकं शिणवू नका. ऑफसेटला प्लेटा कराव्या लागतात, मशीन जुळवेपर्यंत कागद वाया जातो. तो खर्च पाचशे-हजार प्रतींवर पसरला तर परवडतो. १२० ला डिजिटलच. फक्त लेझर-टोनरची छपाई आहे ना, ते विचारा. काही ठिकाणी शाईच्या फवाऱ्याचे प्रिंटर असतात, त्यांतल्या काही शाया पाण्यानं ओघळतात. नमुन्याचं पान घरी न्या, ओलं बोट फिरवा.

कव्हर. ३०० जीएसएम कार्ड आणि बाहेरून लॅमिनेशन, इथे तडजोड नको, कारण रोज पुसलं जाणार ते कव्हरच. मॅट हल्ली फॅशनमध्ये आहे, दिसतं उंची. पण तेलकट अंगठा मॅटवर बसला की बसला, आणि नखाचा ओरखडा पांढरा उठतो. तुमच्या कामाला ग्लॉस. लोक जुनाट म्हणतील, म्हणू देत. एकाच बाजूनं लॅमिनेशन केलेलं कव्हर पावसाळ्यात कुरळं होतं, कारण आतली बाजू ओल पिऊन फुगते आणि बाहेरची फुगत नाही. पातळ कार्डाला हे जास्त. म्हणून ३००. आणि घडी घालण्याआधी 'क्रीझिंग' करायला सांगा, म्हणजे घडीच्या रेषेवर आधी खाच दाबून घेतात. त्याशिवाय जाड कार्ड दुमडलं की पाठीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. शिलाई त्या खाचेवरच यायला हवी.

यजमानांच्या पुठ्ठ्याचं आणि सोनेरी अक्षरांचं काय, ते सांगतो. पाच प्रती त्यांच्या मनासारख्या करा. कापडी पाठ, कडक पुठ्ठा, वर सोनेरी नाव. एक सासूबाईंना, एक देवघराशेजारच्या कपाटात, एक वाचन मंदिराला, दोन यजमान ठरवतील त्यांना. या पाचांची पानं सोळा-सोळाच्या घड्यांत वेगळी जुळवावी लागतात, तेव्हा बाइंडरला सुरुवातीलाच कल्पना द्या. बाकीच्या ११५ ना पुठ्ठा घातलात तर पैसे दुपटीला जातील आणि एकही प्रत ओट्यावर येणार नाही, लोक शोकेसमध्ये ठेवतील.

आता मजकुराकडे येतो, कारण बांधणीवर एवढं बोललो तरी अशा पुस्तिका बिघडतात त्या तिथे. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्याच उमटणाऱ्या अक्षरांत, टाइप केलंय. पुष्कळ छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात आणि मजकूर त्यात बदलून घेतात. त्या बदलात पहिला बळी 'ऱ्या'चा जातो. तुमच्या यादीतल्या घाऱ्या 'घार्या' होतील, पुऱ्या 'पुर्या', आणि तिसऱ्या शिट्टीला 'तिसर्या'. युनिकोडमध्येच काम करणारा डीटीपीवाला मिळाला तर उत्तम. फॉन्ट मराठी वळणाचा मागा, ज्यात ल आणि श आपले असतात, हिंदी धाटणीचे नाहीत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, तिरो देवनागरी मराठी आहे, दोन्ही फुकट मिळतात. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. सोफ्यावर बसून वाचताना १२ पुरतो. ओट्यावर पुस्तक आणि डोळे यांच्यात दोन हातांचं अंतर असतं, शिवाय चष्म्यावर वाफ. ओळींमध्येही मोकळं ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

प्रत्येक पदार्थ डाव्या पानावर सुरू करा, म्हणजे सम क्रमांकाच्या. साहित्य डावीकडे, कृती उजवीकडे, आणि मधे पान उलटायचं नाही. उकडीत हात असताना पान उलटावं लागणं हा मुद्रणदोषच धरावा. काही डाव्या-उजव्या जोड्यांत अर्धं पान रिकामं राहील. राहू दे. तिथे लोक आपलं काहीबाही लिहितात, 'मीठ जरा कमी' वगैरे. मॅपलिथोवर पेन आणि पेन्सिल दोन्ही चालतात, आर्ट पेपरवर शाई पसरते. वन्संना हेही सांगा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवू नका, तो दाबून लहान होतो. जुने फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्या. आणि सासूबाईंच्या अक्षरातली एखादी चिठ्ठी, वाण्याची यादी, काही असलं तर तेही स्कॅन करून कव्हरच्या आतल्या बाजूला टाका. रंगीत आठ पानांत एवढी बोलकी गोष्ट नसेल.

प्रूफ वाचायला मराठीच्या मास्तरांना जरूर द्या, पण ते 'पाव वाटी' आणि 'पाव चमचा' यांतला फरक पकडणार नाहीत, दोन्हींचं शुद्धलेखन बरोबरच आहे. त्यासाठी एक बाई प्रूफ समोर ठेवून रांधणारी हवी. शेजारची, जिला तुमच्या घरच्या सवयी माहीत नाहीत अशी. आणि 'वाटी' म्हणजे कुठली वाटी? सासूबाईंची ती ठरलेली पितळी असणार. तिच्यात पाणी भरून मापून बघा आणि पहिल्याच पानावर लिहा, 'या पुस्तिकेत वाटी म्हणजे इतके मिलिलिटर.' टोरंटोत त्याचा फार उपयोग होईल.

दरपत्रक लेखी घ्या. त्यात आकार, पानं, आतला कागद, मधल्या दोन कागदांचा कागद, कव्हर, लॅमिनेशन, क्रीझिंग, शिलाई, कटिंग आणि जीएसटी धरून की वेगळा, हे सगळं एका कागदावर असलं म्हणजे तीन छापखान्यांची तुलना तरी करता येईल. आत्ता तुम्ही आंबोळीची तुलना घावनाशी करताय. डीटीपीची शेवटची फाइल तुम्हाला मिळणार, हेही त्यातच लिहून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक, कुणी सुचवला तर नको म्हणा. तो भारतात फुकट मिळतो हे खरं, पण घरगुती वाटपाच्या पुस्तिकेला त्याची गरज नाही.

माल आल्यावर तपासायची एक युक्ती, आणि त्यासाठी लागणारं यंत्र तुमच्या ओट्यावर आहे. ए-फोर कागद एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, ए-फाइव्ह बत्तिसावा. म्हणून ८० जीएसएमचं ए-फाइव्ह पान अडीच ग्रॅम. तुमच्या पुस्तिकेत अशी सुटी पानं ३६, त्यांचे ९०, कव्हरचे साधारण १९, फोटोंचा कागद जाड म्हणून दोन-पाच ग्रॅम वर. एक प्रत स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलीत की ११० च्या आसपास भरायला हवी. काटा १०५ च्या खाली थांबला तर ८० सांगून ७० लावला असण्याची शक्यता आहे.

वेळेचं बोलू. डिसेंबरात छापखाने दिनदर्शिका, डायऱ्या आणि लग्नपत्रिकांत बुडालेले असतात. तुमची छपाई एका दिवसाची, पण लॅमिनेशन आणि शिलाई बाहेर जाणार, आणि बाहेर गेलेलं काम बाहेरच्याच वेळेनं येतं. नोव्हेंबरच्या अखेरीला मजकूर बंद करा. त्यानंतर कुणी 'अगं, भानोल्या राहिल्या' म्हटलं तरी नाही म्हणजे नाही. ७२ ची ७३ पानं होत नाहीत, थेट ७६ होतात, कारण एका कागदाची चार पानं.

आणि सगळ्यात आधी, अजून एक अक्षरही जुळवलेलं नसताना, बाइंडरकडून एक कोरी डमी करून घ्या. तोच कागद, तेच कव्हर, तीच शिलाई, आत काही छापलेलं नाही. बाइंडर याचे शे-दीडशे मागेल, किंवा काहीच मागणार नाही. ती घरी आणून काही न बोलता सासूबाईंच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवा. दोन दिवसांनी बघा. उघडी असेल, तर बाइंडरला फोन करा.